देवळीतला गंध

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी लोणच्याची बरणी नाही. पिवळं झाकण, पारदर्शक पोट आणि वर टांगायला तारेची कडी बघून पुष्कळांचा तसा समज होतो. एका पाहुण्यानं तर मला हलवून "मोरावळा हाय का ह्यात?" असं विचारलं होतं. आत काय आहे ते दिसल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी आहे फळमाशीचा सापळा. कागदावरचं माझं नाव कामगंध सापळा. त्यातला 'काम' शब्द आला की मोठी माणसं उगीच खोकतात, तुम्ही खोकू नका. आता मी जुना झालोय, अंगावर ओरखडे आहेत आणि उन्हानं झाकण फिकं पडलंय. पण राहू गावच्या शिवारात, पेरूच्या एका झाडावर, माझी फांदी अजून माझीच आहे.

माझा जन्म रांजणगावच्या एमआयडीसीतला. तिथल्या एका कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबतात. साचा उघडला की बरणी बाहेर पडते. माझ्या वेळी साचा जरा घाईनं उघडला आणि माझी मान वाकडी झाली. तपासणाऱ्यानं मला उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "रिजेक्ट." अहो, अंगाची ऊब अजून गेली नव्हती माझ्या! जन्मल्या जन्मल्या असं कुणी बोलतं का?

त्या रिजेक्टच्या पेटीतून मला ज्यानं उचललं तो हनुमंत. मशिनवर तोच उभा असायचा. त्यानं माझ्या कडेचं जादा प्लास्टिक ब्लेडनं हळूच काढलं, वाकड्या मानेवरून अंगठा फिरवला आणि सुपरवायझरला विचारलं, "सर, हे वाकडे पीस घरी नेऊ का? आमच्या बागेत लावतो." सुपरवायझर म्हणाले, "ने बाबा, भंगारातच जायचेत." भंगार म्हटल्यावर मला राग यायला हवा होता. पण त्या अंगठ्यानं मला असं काही धरलं होतं की मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला हात. पुढं त्याच हाताची मी किती वाट बघणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक!

हनुमंत मूळचा राहूचा. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. वडिलांनी, म्हणजे म्हस्कू आबांनी, कळप विकला आणि जमिनीत पाय रोवले. आबा गेले तशी घरात एकटी उरली ती हनुमंताची आई, कुशाबाई. हनुमंत, त्याची बायको पूनम आणि लेक राजनंदिनी रांजणगावात दोन खोल्यांत राहतात. त्याची शिफ्ट, पोरीची शाळा. अंतर म्हणाल तर फार नाही. भीमेवरचा पूल ओलांडला की मोटारसायकलला कितीसा वेळ लागतो! पण शिफ्ट सुटली की माणूस पाठ टेकायला बघतो, पूल ओलांडायला नाही.

राहूच्या चहूकडं ऊस आणि गुऱ्हाळं. त्या उसाच्या मधोमध कुशाबाईची पेरूची बाग. ती हनुमंतानंच लावलेली. खड्डे खणताना तो आईला म्हणाला होता, "कंपनीचं काय खरं न्हाई, आये. एकदा बाग धरली की मी घरी येतो बघ." कुशाबाईनं ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं. रोपांना तिनं हंड्यानं पाणी घातलं, थंडीत उसाच्या पाचटाचा आडोसा केला. बाग धरली. फळ लागलं. आणि फळाला माशी लागली.

ही माशी घरात घोंगावते ती नव्हे. पिवळसर, बारक्या कंबरेची, पंख पसरून बसणारी. पेरू पिकायला आला की मादी त्याला टोचा मारते आणि आत अंडी घालते. वरून पेरू गोरापान दिसतो, चिरला की आत अळ्यांची वळवळ. मग तो गळतो, सडतो, अळ्या मातीत शिरतात आणि त्यांच्या माश्या होऊन पुन्हा वर येतात. लागोपाठ दोन बहार असे झाडाखाली सडले. हनुमंत वैतागला. "आये, यंदा बी असंच झालं तर बाग काढू," तो म्हणाला. "जेसीबी सांगतो, ऊस लावू, वाट्यानं दिऊ. मंग तू तरी हितं एकटी कशाला? चल आमच्याकडं."

कुशाबाई एवढंच म्हणाली, "यंदाचं बघू." पण तो गेल्यावर ती बागेत येऊन झाडांना हात लावत फिरली. बाग गेली की लेकाला पूल ओलांडायला कारणच उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रांजणगावच्या दोन खोल्यांत ती राहिली असती, पण म्हस्कू आबांनी मिळवलेली ही माती, हे दार, हे सगळं तिच्याबरोबर मिटलं असतं. तिला स्वतःला लेकाकडं जायचं नव्हतं, लेकानं आपल्याकडं यावं असं वाटत होतं. आता म्हणाल, आईनं एवढा हट्ट कशाला धरावा? धरावा! मी तिच्या बाजूचा आहे.

म्हणूनच श्रावणात हनुमंत आम्हाला गोणीत घालून घेऊन आला. सावलीची फांदी बघून त्यानं मला टांगलं, हात स्वच्छ धुतले आणि चंदेरी पाकिटातून औषधात मुरवलेली लाकडी चकती काढून माझ्या पोटात अडकवली. काय सांगू तो वास! तुळशीच्या पानात असतो त्याच कुळातला, लवंगेची जराशी झाक असलेला. तुमच्या नाकाला तो पुसट लागेल. पण नर माशीला तो लांबून खेचून आणतो. तो वास चाखून अंगात मुरवला की मादी आपल्यावर भाळते, हे त्याला उपजतच कळतं. लग्नघरी निघताना अत्तर लावायला थांबावं, तसे ते माझ्याकडं थांबायचे आणि माझ्या पोटात पडायचे. नरच नाहीत म्हटल्यावर मादीची अंडी उजवत नाहीत, अळ्या होत नाहीत. मला त्यांचं वाईट वाटतं का? वाटतं. नटूनथटून निघालेल्याला वाटेत गाठायचं हे काही पुण्याचं काम नाही. पण माझ्यामागं पेरू होते आणि पेरूंमागं कुशाबाई होती.

गावात मात्र आमच्यावरून वेगळाच गोंधळ उडाला. कुशाबाईबरोबर खुरपायला येणारी सारजाबाई बांधावरच अडून बसली. "कुशाबाई, तुमच्या बागंत सापळं टांगल्यात म्हणं?" ती लांबूनच ओरडली. "मानसाचं हायत का जनावराचं? म्या न्हाई बया आत येत."

"अगं सटवे, हाडाचं न्हाईत, पिलास्टिकचं हायत," कुशाबाई म्हणाली. "ये, बघ तरी."

सारजाबाई पदर तोंडाला लावून आली आणि माझ्या पोटात डोकावली. "अगं बया, केवढ्या माश्या!"

"माश्या कुठल्या? समदं गडी हायत. बाईमानूस एक बी न्हाई ह्यात. हनुमंत सांगत हुता."

"समदं गडी?" सारजाबाईनं मला वरून खाली न्याहाळलं. "मंग एक माझ्या दारात बी टांगा. आमचा गडी सांजच्याला घरी कसा येत न्हाई बघती."

दोघी इतक्या हसल्या की खुरपी हातातून गळाली. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पोट भरलेलं, वास दरवळता, पेरू निरोगी. दुपारी कुशाबाई माझ्याच झाडाखाली भाकरी सोडायची आणि लेकाला फोन लावायची.

पण माझ्या चकतीचा वास दीड महिनाच टिकतो. मग ती नुसती लाकडाची फळी होते आणि मी नुसती बरणी होतो. दसऱ्याच्या सुमारास माझं तसं झालं. हनुमंत हे विसरला नव्हता. एका दुपारी त्याचा फोन आला. त्याच्या मागं मशिनं धडधडत होती, त्यामुळं तो ओरडूनच बोलत होता.

"आये! देवळीत गंध ठिवलाय! आंघोळ करून, हात सोच्छ धुऊन लावायचा! मिशरीचा हात अजाबात चालत न्हाई! समद्यांना लाव, एक बी सोडू नको!"

"लावती की रं," कुशाबाई म्हणाली. "तू जेवलास का?" तोवर फोन बंद झाला होता.

आता देवळी म्हणजे काय, तर भिंतीतला देवाचा कोनाडा. कुशाबाईच्या देवळीत बिरोबाचा टाक, भंडाऱ्याचा डबा आणि अष्टगंधाची डबी असते. त्यांच्याच शेजारी हनुमंतानं जाताना चंदेरी पाकिटं ठेवली होती. ती पाकिटं कुशाबाईला सापडली नव्हती असं नाही. पण तिला वाटलं, हा पूनमचा शाम्पू राहिला. सुनेची वस्तू म्हणून तिनं ती जपून ट्रंकेत टाकली. आणि देवळीत गंध म्हटल्यावर, आंघोळ करून हात धुऊन लावायचा म्हटल्यावर, तिच्या हातात आपसूक काय आलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

रविवारी सकाळी ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बागेत आली. एका हातात अष्टगंधाची डबी. माझ्यासमोर उभी राहिली, बोट डबीत बुडवलं आणि माझ्या पिवळ्या झाकणाच्या कडेला, अगदी कपाळ असावं तिथं, ठसठशीत गंध लावला. हात जोडले. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," ती म्हणाली. "माझ्या लेकराची बाग राख, बाबा."

रिजेक्ट मालाला कुणी कधी गंध लावलाय? माझा ऊर भरून आला. आणि दुसऱ्याच क्षणी मला ओरडावंसं वाटलं. अगं आई, हा गंध नव्हे! आतला, आतला! पण बरणीला कुठला आलाय आवाज? ती पुढच्या झाडाकडं गेली. तिथंही गंध लावला, हात जोडले. एकालाही सोडलं नाही.

मग दर रविवारी तसंच. माझ्या कपाळावर थरावर थर चढत गेले आणि पोट मात्र रिकामं. नर माश्या माझ्यावरून निघून जायच्या, वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. माद्या खुशाल पेरूवर बसायच्या. मी वाऱ्यानं हलत त्या वासाची वाट बघत होतो. अंगावरचा कपडा हरवावा तशी माझी अवस्था होती. इतका मोठा मान मिळत होता आणि मला हवी होती ती एक लाकडाची चकती आणि ती अडकवणारा हात.

पेरू गळायला लागले. कुशाबाई पाटीत भरून ते लांब खड्ड्यात पुरून यायची. हनुमंताला तिनं काही सांगितलं नाही. त्यानं फोनवर विचारलं की म्हणायची, "समदं बरं हाय. गंध लावती मी, काळजी करू नगंस." आणि फोन ठेवला की माझ्याकडं बघत बसायची. आपल्याच हातात काहीतरी वंगाळ असणार, असं तिनं मनाशी धरलं. मग एके दिवशी सारजाबाईनं मिशरीची डबी पुढं केली, तर कुशाबाईनं ती परत सारली.

"का गं? दात शिवशिवत न्हाईत व्हय?"

"शिवशिवत्यात. पर सोडली मी. त्यो म्हणला मिशरीचा हात चालत न्हाई. येळंला इटाळ राहत आसंल हाताला. आन् तू कुनाला सांगू नगंस."

कळत्या वयापासून दातांना लावलेली मिशरी त्या बाईनं एका झटक्यात सोडली, मित्रांनो. डोकं दुखायचं तिचं. कपाळाला फडकं बांधून ती गळलेले पेरू वेचायची.

दिवाळीला हनुमंत बायकोपोरीला घेऊन आला. बागेत शिरला आणि उभाच राहिला. झाडाखाली पुन्हा सडा पडला होता. बांधावर जाऊन त्यानं फोन लावला. "पाडवा झाला की या जेसीबी घेऊन," त्याचं बोलणं मला ऐकू आलं, तसं कुशाबाईलाही आलं. ती माझ्या झाडाच्या बुंध्याला धरून उभी होती. तिनं डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही. नुसती उभी होती, आणि मला तेच जास्त लागलं.

तेवढ्यात पूनम पोरीसाठी एखादा बरा पेरू शोधत माझ्या झाडाशी आली. तिची नजर माझ्या कपाळावर गेली.

"आत्या, ह्याला गंध कुणी लावला?"

"मी. दर आइतवारी लावती. त्योच म्हणला ना, देवळीतला गंध लाव म्हणून."

पूनमनं बाकीच्या सापळ्यांकडं बघितलं. सगळ्यांच्या कपाळाला गंध. "आन् ती पाकिटं कुठायत? चंदेरी?"

"तुझ्या शाम्पूची? ट्रंकंत ठिवल्यात बाई जपून. एक बी वापरलं न्हाई."

पूनम खालीच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडं या आधी! आत्यांनी सापळ्यांची पूजा मांडलीया!"

हनुमंत आला. तो हसला नाही. त्यानं माझं झाकण फिरवलं. माझी मान वाकडी, त्यामुळं झाकण आधी थोडं उलटं दाबावं लागतं, ही खोड त्यालाच ठाऊक. त्यानं आतली कोरडी चकती नाकाशी नेली. मग माझ्या कपाळावरच्या थरांवरून अंगठा फिरवला.

"समद्यांना लावलास, आये?"

"समद्यांना. एक बी सोडला न्हाई. तूच म्हणला हुतास."

"म्या मशिनीवरनं वरडून सांगितलं," तो म्हणाला. "यायला पायजे हुतं मी." मिशरीचं कुशाबाई काही बोलली नाही. बांधावर आलेल्या सारजाबाईलाही तिनं डोळ्यानंच गप्प केलं.

पूनमनं मग सासूला सगळं नीट समजावलं. आतला गंध म्हणजे वास, त्या वासाला नर येतात, वास उडाला की चकती बदलायची. कुशाबाई ऐकता ऐकता एकदम म्हणाली, "म्हंजी मेंढीवानी! मेंढीचं कोकरू मेलं की त्येचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर टाकत्यात. मेंढी वास घेती आन् त्येला आपलं म्हनून पाजती. ह्यांनी किती येळा केलंय माझ्यासमोर." बाईला एका वाक्यात सगळं उमगलं होतं. माझ्या पोटात तरी शंका नव्हती.

हनुमंतानं हात धुतले, ट्रंकेतली पाकिटं आणली आणि आम्हाला नवा वास भरला. अहाहा! दुपार कलायच्या आत माझ्या भोकांशी गर्दी झाली. त्यानं जेसीबीवाल्याला फोन करून सांगितलं, "हा बहार बघू, मग ठरवू." मग आईला म्हणाला, "आता शिकून घे. दीड महिन्यानं तुलाच बदलायचंय हे."

कुशाबाईनं पाकिटाकडं पाहिलं. मग लेकाकडं. लेकाच्या मागं मोटारसायकलला बांधलेली पिशवी होती, तिच्याकडंही पाहिलं.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "मला न्हाई उमगत त्ये. आन् माझा हात मिशरीचा. तूच ये लावाया."

मी थक्क झालो. मिशरीचा हात? कुठली मिशरी? पण हनुमंताला ते पटलं. "बरं, येतो," तो म्हणाला.

आणि तो यायला लागला. चकती बदलायचा दिवस आला की कुशाबाई आदल्या दिवशीच अंगण सारवायची, वांग्याला तेल जरा हातचं न राखता घालायची. हनुमंत येताना पोरीला पुढं बसवून आणायचा. तो झाडाझाडाला हिंडायचा आणि आई मागून रिकामी पाटी घेऊन हिंडायची. कधी त्यानं शिकवायचा प्रयत्न केला तर बाई पाकीट उलटं धरायची, चकती मातीत पाडायची, "जळलं मेलं, बोटंच चालंनात" म्हणायची. ह्याच बोटांनी ती गव्हातला खडा न बघता वेचते, बरं का! बहार बऱ्यापैकी हाती लागला. पुढच्या वर्षीचा त्याहून बरा झाला. जेसीबीचं नाव निघेना.

उन्हाळ्यात पाणी तोडून बागेला ताण दिला की आम्हाला उतरवून गोठ्यातल्या खुंटीला टांगतात. शेजारी दोर, विळा आणि कोळ्यांची जाळी. त्या महिन्यांत मला फांदीची फार आठवण येते. हनुमंत सरळ मानेचे नवे सापळे घेऊन आला तेव्हा त्यानं मला भंगारात काढलं होतं. कुशाबाईनं मला गोणीतून परत उचललं. "ह्यो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मान वाकडी आसली म्हनून काय झालं? माझी तरी कुठं सरळ हाय?"

मग मागचं वर्ष आलं. कंपनीला मोठी ऑर्डर आली, सुट्ट्या बंद झाल्या. चकती बदलायचा रविवार आला तसा गेला. हनुमंताचा फोन आला, "आये, या खेपंला जमत न्हाई. पाकिटं देवळीत हायत. सारजाबाईकडनं लावून घे." कुशाबाई "बरं" म्हणाली आणि सारजाबाईला काही बोलली नाही. तिला वाटलं, पुढच्या रविवारी येईल. पुढचाही गेला. सांज झाली की ती बांधावर जाऊन पुलाकडच्या रस्त्याकडं बघत उभी राहायची. मोटारसायकलचा आवाज आला की मान वर, पुढं निघून गेली की मान खाली. मी फांदीवरून तेच बघत होतो. माझ्यातला वास संपला होता आणि पेरू पिवळे पडायला लागले होते.

एके सकाळी तिनं माझ्या झाडाचा पेरू तोडून चिरला. आत अळी होती.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून आली. साबणानं धुतलेले हात, आणि हातात चंदेरी पाकीट. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय करू रं?" तिनं मलाच विचारलं. "ह्ये म्या लावलं तर त्यो कशाला यील? आन् न्हाई लावलं तर येऊन बघंल काय? किडकी बाग?"

तिनं डोळे पुसले. मग माझं झाकण धरलं, आधी थोडं उलटं दाबलं आणि मग फिरवलं. हनुमंताचीच ती युक्ती. इतकी वर्षं पाटी घेऊन मागं मागं हिंडताना ती काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं. तिनं जुनी चकती काढली, मेलेल्या माश्या झटकल्या, बोट न लावता नवी चकती अडकवली. एक चूक नाही. त्या हातांना मिशरीचा लवलेशही वास नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. सगळी बाग तिनं तशीच पुरी केली आणि रिकामी पाकिटं चुलीत घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हनुमंत आला. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल, अंगात कंपनीचाच शर्ट. घरात न शिरता तो सरळ माझ्याकडं आला. कुशाबाई विहिरीजवळ पाटी घेऊन उभी राहिली, पुढं येईना. त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं. ताज्या माश्या पडलेल्या होत्या. झाकण उघडलं, चकती नाकाशी नेली. कोरा करकरीत वास.

माझा जीव टांगणीला लागला. तसा तो नेहमीच टांगलेला असतो म्हणा, पण त्या दिवशी खरंच लागला. आता हा म्हणेल, 'आये, तुला येतंय की गं सगळं!' मग संपलंच. शिफ्ट आहे, पोरीची शाळा आहे, रस्ता लांबचा आहे. येतंय तिला, मग मी कशाला जाऊ? विहिरीजवळ कुशाबाई पाटी खाली ठेवून कोरडेच हात पदराला पुसत होती.

हनुमंतानं चकती जागेवर ठेवली. झाकण लावलं. माझ्या वाकड्या मानेवर अंगठा ठेवून तो तसाच उभा राहिला, पहिल्या दिवशी कारखान्यात उभा होता तसा. मग मोठ्यानं म्हणाला, "आये! गंध पार सुकला हुता बघ! बरं झालं आलो."

कुशाबाई दोन पावलं पुढं आली. "व्हय का?"

"व्हय तर. तुला जमायचं न्हाई त्ये. तुझा हात मिशरीचा. मलाच यावं लागनार."

"मंग!" ती म्हणाली. "म्या कवाधरनं काय सांगती?" आणि भाकरी टाकायला ती इतक्या लगबगीनं घराकडं वळली की पाटी विहिरीवरच राहिली. हनुमंत ती उचलून मागोमाग गेला.

मित्रांनो, तुमच्याकडं पेरू, आंबा, डाळिंब काही असेल आणि माझ्यासारखं कुणी तिथं टांगलेलं असेल, तर त्याला विसरू नका. त्याचं पोट वेळेवर रिकामं करा, गळलेलं फळ वेचून पुरा, हात धुऊन गंध बदला. कपाळाला अष्टगंध लावलात तरी हरकत नाही, कुशाबाई मला अजून लावते.

आणि तुमच्याही गावाकडं कुणी देवळीत पाकीट ठेवून 'मला न्हाई बाबा उमगत त्ये' म्हणत बसलं असेल, तर तो वास फार दिवस टिकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. जाऊन या. तिला सगळं येतं हे कळलं तरी तोंडावर म्हणू नका. मलाच यावं लागणार, एवढं म्हणा आणि भाकरी खाऊन या.